तेरा माणसं, एक टेबल आणि धाकटी सून

प्रिय ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. या डिसेंबरात पुण्याहून सासू-सासरे आणि नणंदेचं कुटुंब येतंय, डॅलसहून थोरले दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. १९ ते २४ डिसेंबर सगळे मिळून ऑरलँडोला डिस्नी वर्ल्डला जाणार, राहणार डिस्नीच्याच हॉटेलात. आमचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी धरून एकूण तेरा माणसं. जेवणाची टेबलं बुक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सासूबाईंना अंडंही चालत नाही, वर मध्ये एकादशी येतेय. भाऊजींना स्टेक हवा. नणंदेच्या मुलीचा २१ तारखेला दहावा वाढदिवस, तिला मिकीबरोबर जेवायचंय. नणंदेचे मिस्टर म्हणतात, ‘तिथे गेल्यावर बघू.’ आणि सासऱ्यांची एकच अट, दोन्ही वेळेला सगळ्यांनी एकत्र बसायचं. दोन आठवडे ग्रुपवर विचारतेय, एक उत्तर सरळ येत नाही. मी सुट्टीला चाललेय की केटरिंगला, तेच कळेना.

— धाकटी सून

*

धाकटी सून,

आधी सासऱ्यांची अट मोडायची. बाकी सगळं त्यानंतर.

हिशेब कर. पाच दिवस, दोन वेळा, तेरा पानं. म्हणजे दहा पंगती तू एकटी उठवणार. पंगत घरी जमते, कारण सगळे तिथेच असतात आणि ‘पानं घेतलीत’ अशी हाक दिली की येतात. डिस्नी वर्ल्ड म्हणजे शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं प्रकरण. चार वेगवेगळी पार्कं, मधे बस, बोट, मोनोरेल. दुपारी साडेबाराला तुझा मुलगा एका राइडच्या रांगेत चाळीस मिनिटं उभा राहून आता कुठे पुढे आलेला असेल, धाकटी बाबागाडीत झोपलेली असेल, भाऊजींची पोरं भलत्याच टोकाला असतील. तेव्हा कुणाला हाक मारणार तू?

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही अकराजण गेलो होतो आणि मी मोठ्या हौसेने रोज साडेबाराचं टेबल धरलं होतं. दुसऱ्याच दिवशी एपकॉट या पार्कात तलावाच्या एका अंगाला आम्ही आणि बरोबर समोरच्या अंगाला आमचं टेबल. त्या तलावाभोवती अकरा देशांचे मंडप आहेत आणि पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची. नकाशावर ते एवढंसं दिसतं. मावशींचा गुडघा, एकाची राहिलेली टोपी, दुसऱ्याचं ‘दोन मिनिटांत आलोच’. पोचलो तेव्हा वेळ केव्हाच टळून गेली होती. दारातल्या मुलीने अतिशय गोड हसून सांगितलं, आता जागा झाली की बघते. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसून मावशींच्या पिशवीतल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. त्या संध्याकाळी मी उरलेली सगळी दुपारची बुकिंगं रद्द केली आणि खरं सांगते, सहल त्या क्षणी सुरू झाली.

तेव्हा माझं मत असं. पाच दिवसांत पूर्ण तेराजण एकत्र बसतील ते फक्त दोनदा. ते दोन प्रसंग नीट निवड, नीट बुक कर. बाकी वेळी जो तो आपापल्या गटात खाईल. बाबांना हे तू सांगू नकोस, नवऱ्याला सांगायला लाव. वडील त्याचे आहेत. ‘नाही’ असं म्हणायचंच नाही. ‘बाबा, दोन जेवणं एकदम थाटात, सगळे एकत्र, फोटोबिटो,’ असं म्हणायचं. बाबांना खरं तर रोजची पंगत नको असेल. तिकडून एवढ्या लांब येऊन पोरं आपापली पांगतील आणि आपण दोघं म्हातारे बाकावर बसून राहू, ही धास्ती असेल. त्यावर उपाय वेगळा आहे, तो पुढे सांगते.

पहिलं एकत्र जेवण वाढदिवसाचं. मिकी हवा असेल तर डिस्नीच्या कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज हे रेस्टॉरंट. तिथे बुफे असतो, म्हणजे तेरा माणसांच्या तेरा ऑर्डरी नाहीत, आणि मिकीची मंडळी प्रत्येक टेबलाशी येऊन फोटो देतात. मोनोरेल त्या हॉटेलच्या पोटातूनच जाते, ते बघून बाबाही खूश होतील. मॅजिक किंगडम या पार्कापासून चालतही जाता येतं. आता एक बारीकशी गंमत. डिस्नीत ३ ते ९ वर्षांपर्यंत मुलांचा दर, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा. म्हणजे तुझी भाची २० तारखेला लहान आणि २१ला, ऐन वाढदिवसाच्या दिवशी, मोठी! नणंदेला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर बिलावरून तिथे चर्चा व्हायची. तरीही जेवण २१लाच ठेव. वाढदिवस आदल्या दिवशी उरकल्याचं मूल जन्मभर ऐकवतं. तुझी अडीच वर्षांची मात्र फुकट, तीन वर्षांखालच्यांना बुफेला पैसे पडत नाहीत. पण टेबल धरताना तिला मोजायचं, हं. ‘ती काय मांडीवर बसेल’ म्हणून बारा लिहिलेस तर उंच खुर्ची ठेवायला जागा उरणार नाही. आणि पार्कात शिरल्याशिरल्या गेस्ट रिलेशन्स या मदतकक्षातून वाढदिवसाचा बिल्ला घे. तो फुकट मिळतो आणि दिवसभर येणारा-जाणारा प्रत्येक कर्मचारी तिला शुभेच्छा देत राहतो.

दुसरं एकत्र जेवण सानाला. हे मी सासूबाईंसाठी सुचवतेय. डिस्नीच्या अॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेज भागात हे रेस्टॉरंट आहे, आफ्रिकी आणि भारतीय चवींचं. तिथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे: नान, पराठे असे प्रकार आणि त्यांच्याबरोबर चटण्या, रायतं, लोणचं धरून नऊ वाट्या. मधे ठेवायचं आणि सगळ्यांनी तोडून खायचं. बाबांना हवी असलेली पंगत हीच की. शिवाय मोठ्या खिडक्यांच्या पलीकडे मोकळं गवताळ रान, त्यात जिराफ आणि झेब्रे फिरताना दिसतात. म्हणून तिथे दुपारीच जायचं. डिसेंबरात ऑरलँडोला साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, मग खिडकीत आपलीच तोंडं दिसतात. त्या दिवशी सकाळी लवकर अॅनिमल किंगडम पार्कात सफारी उरका, बाराच्या पुढे तिथूनच लॉजची बस पकडा, एकच्या सुमाराला जेवायला. हॉटेलातल्या रेस्टॉरंटला पार्कचं तिकीट लागत नाही. त्यामुळे कुणी सकाळी दमलं असेल तर थेट जेवायलाच येऊ शकतं. फक्त डिस्नीच्या एका हॉटेलातून दुसऱ्याला सहसा सरळ बस नसते, टॅक्सी करावी.

आता बुकिंग. टेबलं साठ दिवस आधी खुली होतात. पण तुम्ही डिस्नीच्याच हॉटेलात उतरताय, त्याचा मोठा फायदा आहे. चेक-इनच्या साठ दिवस आधी तुम्हाला मुक्कामाचे सगळे दिवस एकदम बुक करता येतात. तुमचा चेक-इन १९ डिसेंबर, म्हणजे दिवस उजाडतो २० ऑक्टोबर. ऑनलाइन बुकिंग इस्टर्न वेळेनुसार सकाळी सहाला सुरू होतं. तू पावणेसहाला चहा घेऊन, लॉगिन करून, कार्ड जवळ ठेवून बस. यातली खरी खोच अशी, की २३ डिसेंबरचं टेबल तू त्या दिवशी चौसष्ट दिवस आधी मागत असतेस, बाहेर उतरलेल्या लोकांना ते अजून उघडलेलंच नसतं. म्हणून मिळायला अवघड असलेली गोष्ट सहलीच्या शेवटाकडे ढकलावी. वाढदिवस हलत नाही, तेव्हा सहाच्या ठोक्याला आधी तो शोध. साना मात्र २२ किंवा २३ला टाक.

तेरा माणसांचं एकच टेबल बहुधा दिसणार नाही. नाताळच्या आठवड्यात तर नाहीच. मग सात आणि सहा असं फोड. एकाच खात्यावर एकाच वेळेची दोन टेबलं धरायला जाऊ नकोस, गोंधळ होतो. दुसरं टेबल जाऊबाईंच्या खात्यावरून, त्याच वेळेला किंवा पाच-दहा मिनिटांच्या फरकाने. दारात गेल्यावर सांगायचं, आम्ही एकाच घरचे, जवळजवळ बसवता आलं तर बघा. बसवतीलच असं नाही, पण विचारणाऱ्याला मिळतं. फोडताना एक कर. कुटुंबांप्रमाणे फोडू नकोस, तोंडांप्रमाणे फोड. पोरं सगळी एका टेबलाला, सोबत एक थट्टेखोर मोठं माणूस. सासू-सासरे, नणंद, तू दुसऱ्याला. पोरांना घरी तरी कुठे आई-बापांशेजारी बसायचं असतं?

आणि ‘रिझर्व्हेशन आहे’ म्हणजे ठरल्या मिनिटाला बसायला मिळतं असं समजू नकोस. तुमच्या मापाचं पुढचं मोकळं होणारं टेबल तुमचं, इतकाच त्याचा अर्थ. मोठी टेबलं उशिरा उठतात. पोरांच्या पोटात आधी काहीतरी पडलेलं असू दे. वेळही जरा आडवी घे. साडेबारा आणि साडेसहा सगळ्यांनाच हवे असतात. अकरा किंवा चार वाजता सात माणसांचं टेबल मिळायची शक्यता पुष्कळ जास्त.

भाऊजींचा स्टेक. एपकॉटमध्ये कॅनडाच्या मंडपात ल सेलिए नावाचं स्टेकहाउस आहे, त्यांनी स्वतः, स्वतःच्या खात्यावरून, चौघांचं टेबल धरावं. त्या संध्याकाळी तुम्ही बाकीचे भलतीकडे. यात कुणाचा अपमान नाही. उलट सासूबाईंच्या शेजारच्या ताटात स्टेक येऊन सगळ्यांनी माना खाली घालून जेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तू मात्र ते टेबल त्यांच्यासाठी शोधत बसू नकोस. डॅलसला इंटरनेट आहे.

बाबांच्या धास्तीवरचा उपाय आता. तिथे सर्व्हर असलेलं टेबल खाण्यापेक्षा टेकायला जास्त उपयोगी पडतं. दुपारी दोन-तीनला, पाय बोलायला लागतात तेव्हा, थंडगार खोलीत तासभर बसायला मिळणं ही म्हाताऱ्या माणसांची चैन असते. म्हणून ज्या दिवशी एकत्र जेवण नाही, त्या दिवशी तिघाचौघांचं एक छोटं टेबल तिसऱ्या प्रहराला धरून ठेव: सासू, सासरे आणि आळीपाळीने एक मुलगा किंवा सून किंवा लेक. चौघांचं टेबल मिळायला सोपं असतं. तेवढ्या वेळात दुसऱ्या मंडळींना राइड. बाबांना रोज कुणीतरी एकजण पूर्ण तासभर मिळेल, आणि तेराजणांच्या गलक्यात जे बोलणं होत नाही ते होईल. माझे सासरे अशा एका तासात माझ्या मुलाला विहिरीत पोहायला कसे शिकले ते सांगत होते. मी कॉफी ढवळत गप्प बसले होते.

बाकी जेवणं काउंटरवरची. त्यासाठी माय डिस्नी एक्सपीरियन्स हे अॅप प्रत्येक गटातल्या एकाच्या फोनवर असू दे. मोबाइल ऑर्डर म्हणजे आधी पदार्थ निवडायचे, घ्यायला येण्याची वेळ ठरवायची आणि पोचलो की ‘आलो’ म्हणून कळवायचं. गर्दीच्या दिवसांत दुपारच्या वेळा सकाळीच संपतात, तेव्हा साडेबाराचं खाणं दहालाच नोंदवून टाक. रांगेत उभ्याउभ्या होतं.

सासूबाईंसाठी दोन शब्द नीट पाठ कर. अमेरिकेत नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं आलंच, हे तुला ठाऊक आहे. डिस्नीच्या मेनूवर पानाची खूण असलेले पदार्थ ‘प्लांट-बेस्ड’ असतात, त्यात मांस-मासे तर नाहीतच, अंडं, दूध आणि मधही नसतो. नजर त्या पानावर ठेवायची. अॅनिमल किंगडममध्ये सातुली कँटीनला टोफूचा वाडगा मिळतो, तिखटसर आणि कुरकुरीत. दूध-दही चालतं पण अंडं नको, हे मात्र खुणेवरून कळत नाही, ते सर्व्हरला तोंडी सांगावं लागतं.

एकादशीचं अगदी सोपं आहे आणि पुण्याच्या मंडळींना ते खरं वाटत नाही: डिस्नी वर्ल्डच्या पार्कात घरचं खाणं नेऊ देतात. काचेच्या बाटल्या नकोत, सुटा बर्फ नको, बाकी डबा खुशाल न्या. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे, खजूर, केळी एडिसनहून बांधून घे. काउंटरवर अख्खी फळंही मिळतात आणि बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट. त्या दिवशी सासूबाईंना कुठल्याही टेबलावर मोजू नकोस. बुफेला माणशी पन्नास डॉलरच्या वर मोजून त्यांनी फक्त कलिंगड खायचं, हे त्यांनाच सहन होणार नाही. पंचांग काढून एकादशी वाढदिवसावर तर येत नाही ना, एवढं आजच बघ. आलीच तर त्यांनाच विचार. नातीसाठी उपवास सोडायची युक्ती आज्यांकडे असते.

पैशाचं थोडक्यात. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द केलं तर काही लागत नाही. त्यानंतर रद्द केलं किंवा गेलाच नाहीत तर माणशी दहा डॉलर, ज्याच्या कार्डावर बुकिंग त्याच्याकडून. तेराने गुण आणि हा आकडा ग्रुपवर टाक, माणसं वेळेवर येतात. सहा किंवा जास्त माणसं असली की बिलात अठरा टक्के टीप आधीच धरलेली असते. मी एकदा न बघता वर आणखी वीस टक्के लिहून आले होते. नवऱ्याने तो कागद अजून जपून ठेवलाय. बिल वेगवेगळं हवं असेल तर ऑर्डर देण्याआधी सांगायचं. बाबा पाकीट काढतीलच, तेव्हा त्यांना एक जेवण देऊ दे. सानाचं देऊ दे.

ग्रुपवर प्रश्न विचारणं आजपासून बंद. ‘कुणाला काय आवडेल?’ या प्रश्नाला तेरा माणसांत उत्तर नसतं. त्याऐवजी एकच निरोप टाक: “२१ला संध्याकाळी वाढदिवसाचं जेवण, २२ला दुपारी सानाला सगळे. बाकी वेळी आपापलं. कुणाला काय चालत नाही ते रविवारपर्यंत मला एकटीला कळवा. रविवारनंतर बदल नाही.” कळवलं नाही त्याला सगळं चालतं असं धरायचं. आणि जाऊबाईंना आधी फोन कर, त्यांना ग्रुपवरून कळता कामा नये.

राहता राहिले नणंदेचे मिस्टर. घरचे जावई, त्यांना कोण बोलणार! पण गंमत अशी की ते अर्धे बरोबर आहेत. दोन तासांच्या त्या नियमामुळे लोक ऐनवेळी टेबलं सोडतात. आदल्या रात्री आणि जेवणाच्या दोन-अडीच तास आधी अॅपवर बघितलं तर कालपर्यंत न दिसणारं टेबल दिसतं. काही रेस्टॉरंटं जवळ गेलं की अॅपवरूनच वेटलिस्टला नाव घेतात. तेव्हा २० तारीख पूर्णपणे त्यांच्या हवाली कर. त्या दिवसासाठी तू एकही टेबल धरू नकोस. अॅप त्यांच्या फोनवर टाकून दे, लॉगिन करून दे आणि सगळ्यांसमोर हसतमुखाने सांग, “आज जेवणाचं तुमच्याकडे. तिथे गेल्यावर बघू.” पिशवीत दशम्या मात्र असू देत.

— ताई